लंगडणाऱ्या पारडाची नाळ आधी पाहावी

इंदूर, सांवेर आणि देपालपूर भागातील म्हशी बहुतांशी पावसाळ्याच्या उत्तरार्धात वितात, आणि नेमक्या त्याच दिवसांत काळ्या मातीवरचा गोठा कोरडा ठेवणे कठीण होते. ओल्या शेणात लोळणाऱ्या पारडाची उघडी नाळ ही रोगजंतूंची वाट असते. नाळ पोटापासून दोन बोटे सोडून स्वच्छ दोऱ्याने बांधावी, निर्जंतुक कात्रीने कापावी, टिंक्चर आयोडिनमध्ये पूर्ण बुडवावी, आणि ती सुकेपर्यंत तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ आयोडिनमध्ये बुडवत राहावी. तिला राख किंवा शेण लावू नये.

गेल्या पावसाळ्यात एका गोठ्यातील तीन पारडे महिन्याभराच्या आत लंगडू लागली. दुकानदाराने कॅल्शियमची महागडी बाटली दिली आणि दहा दिवस त्यातच गेले. नाळ मात्र कोणी चाचपून पाहिली नाही, आणि ती आतून पिकलेली होती.

लहान जनावराचे हाड लांबीने वाढते ते टोकाजवळच्या कूर्चेच्या (हाडापेक्षा मऊ, लवचिक भागाच्या) पातळ थरातून. त्या थराला लागून रक्तवाहिन्या वळण घेतात, तेथे रक्त मंदावते, आणि नाळेतून रक्तात शिरलेले जंतू तेथेच ठाण मांडतात. कूर्चेची एक बाजू नष्ट झाली, तर दुसरी वाढत राहते आणि पाय वाकडा होतो. जंतू मेले तरी तो वाकडेपणा सहसा राहतोच.

मुडदूस, म्हणजे वाढती हाडे मऊ पडणे, हा याहून वेगळा रोग आहे. फॉस्फरस किंवा ड जीवनसत्त्व कमी पडल्यास कूर्चेत खनिज बसत नाही आणि ती जाड होऊन सांध्याजवळ गाठ दिसते. हे हळूहळू होते आणि ताप नसतो. नुसत्या गव्हाच्या भुश्यावर (काडाच्या चुऱ्यावर, कोंड्यावर नव्हे) वाढणाऱ्या, उन्हात न सोडलेल्या वासरांत तो संभवतो, आणि गव्हाच्या भुश्यात फॉस्फरस फारच कमी असल्याने केवळ कॅल्शियम पाजून तो भरून निघत नाही. अ जीवनसत्त्वाची इंजेक्शने मात्र ‘ताकदीसाठी’ टोचून घेऊ नयेत, कारण त्याच्या अतिरेकाने वाढीचा थर अकाली बंद होऊन मागचे पाय आखूड राहतात.

नेहमीची कामे: दोन तासांच्या आत चीक, पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक, कोरडा बिछाना, रोज ऊन, वासराला 20 ते 25 ग्रॅम खनिज मिश्रण, वेळेवर जंतनाशक.

माझा एक ठोकताळा आहे, पुस्तकात तो सापडणार नाही: रोज आईकडे धावणारे पारडू एखाद्या सकाळी उठायला रेंगाळले, तर हाताच्या पाठीने चारही पायांचे सांधे आणि नाळ चाचपावी. एखादी जागा गरम लागली किंवा ताप 103 अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवावे; प्रतिजैविक किती दिवस द्यायचे ते त्यांनीच ठरवावे आणि पारडू खेळू लागले म्हणून मधेच थांबवू नये. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पारडू नेणे जमत असेल, तर बाटलीच्या पैशांत गाडीभाडे निघते.