१.८ की १.४? पन्नासची लेन्स निवडताना

कॅमेऱ्यासाठी पन्नासची, म्हणजे ५० मिमीची, लेन्स घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: १.८ घेऊ की १.४? माझ्या मते हा प्रश्न तिसरा. आधी तुमच्या कॅमेऱ्यावर पन्नास म्हणजे किती होतात ते बघा, मग ती लेन्स अंधारात फोकस कशी पकडते ते बघा, आणि नंतर अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधून उजेड आत घेणाऱ्या छिद्राच्या, आकड्याकडे या. आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं.

मी कुडाळची. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की दशावतारी नाटकांचे फोटो काढते. नाटक उभं राहतं रात्री उशिरा, चालतं पहाटेपर्यंत. उजेड मिळेल तेवढाच, आणि फ्लॅश मारायचा नाही हा माझा नियम. ऐन युद्धाच्या प्रसंगात पात्राच्या डोळ्यांवर लख्खकन उजेड पाडणं मला पटत नाही. त्यामुळे मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्सशिवाय माझं पानही हलत नाही. पुढचं सगळं त्याच कामातून आलेलं आहे.

पहिली गोष्ट सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागाची. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, बॉडीवर ५० मिमी म्हणजे ५० च. पण कॅननच्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीवर तीच लेन्स ८० सारखी अरुंद दिसते, निकॉनच्या क्रॉप बॉडीवर ७५ सारखी. मंचासमोर बसून एकट्या पात्राचा फोटो काढायला हे छानच. रंगपटात मात्र पंचाईत होते. तिथे एका खोलीत पाच-सहा जण पेटाऱ्यांवर आरसे टेकवून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवत असतात. तुमची पाठ भिंतीला लागली तरी फ्रेममध्ये एक चेहरा आणि अर्धा हात एवढंच येतं. क्रॉप बॉडी असेल आणि घर, लग्नाचा हॉल, रंगपट अशा जागांत काम असेल तर पन्नासचा नाद सोडा. निकॉनची डीएक्स (क्रॉप बॉडीसाठीची) ३५ मिमी १.८ किंवा सिग्माची ३० मिमी १.४ घ्या. क्रॉप बॉडीची खरी ‘स्टँडर्ड’ लेन्स तीच. कॅननची २४ मिमी २.८ लहान आणि हलकी आहे, पण १.८ च्या मानाने सव्वा स्टॉपहून थोडा जास्तच उजेड कमी घेते (एका स्टॉपने उजेड निम्मा किंवा दुप्पट होतो). रात्रीच्या कामाला मी ती सुचवणार नाही.

दुसरी गोष्ट फोकसची, आणि इथे दुकानात उभं राहून वेळ घालवा. निकॉनचा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, वापरणाऱ्यांनी स्वस्तात मिळते म्हणून जुनी ‘डी’ मालिकेतली ५० मिमी १.८ उचलण्याआधी आपल्या बॉडीचा माउंट, म्हणजे लेन्स बसते ते कडं, बघावा. त्याच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरच्या टोकासारखा बारीक दांडा असेल तरच ती लेन्स ऑटोफोकस करेल. डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या बॉडींना तो दांडा नाही. त्यांच्यासाठी ‘जी’ मालिकेतली घ्यावी, कारण तिची मोटर लेन्समध्येच असते. आणि ‘जी’मध्येही १.४ पेक्षा १.८ फोकस चटकन पकडते, हे लक्षात ठेवा. जास्त पैसे मोजून मंद लेन्स घ्यायची की काय, हे आपलं आपण ठरवा.

फोकस तपासायची माझी पद्धत सांगते. आपली बॉडी आणि कार्ड घेऊन जा. वर्तमानपत्र टेबलावर पसरा, कॅमेरा साधारण ४५ अंशात धरा, एक मीटरवरून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून एका मथळ्यावर फोकस करा आणि फोटो मोठा करून पाहा. फुल फ्रेमवर १.४ ला या अंतरावर जेमतेम ३ सेंटिमीटर पट्टा धारदार येतो, १.८ ला ४. धार मथळ्यावर न येता सतत अलीकडे किंवा पलीकडे जात असेल तर त्या बॉडीचं आणि त्या लेन्सचं जमत नाही. वरच्या दर्जाच्या डीएसएलआरमध्ये हे मेनूतून सुधारता येतं, सुरुवातीच्या बॉडींमध्ये सहसा नाही. तिथे दुसरा नग मागा. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात फोकस सेन्सरवरच ठरतो, म्हणून ही कटकट जवळपास संपते.

आता तो आकडा. १.८ आणि १.४ यांत फरक दोन तृतीयांश स्टॉपचा. म्हणजे जिथे १.८ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० लागतो तिथे १.४ ला २००० पुरतो. आजच्या सेन्सरवर हा फरक दिसतो, पण फोटो त्यामुळे बुडत नाही. शिवाय शटरचा वेग वाढवायचा म्हटलं तरी दरवेळी वाढवता येत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० सेकंदाला फोटो स्वच्छ येतो. १/२५० केलं की फोटोत काळे पट्टे उमटू लागतात. अशा मंचावर १.४ चा जादा उजेड शटरला नाही, फक्त आयएसओला कामी येतो.

शिवाय पूर्ण उघडल्यावर चित्र कसं येतं तेही बघायला हवं. कॅननची जुनी ५० मिमी १.४ ही १९९३ ची रचना. पूर्ण उघडली की चित्रावर धुरकट चमक येते. देवीच्या किरीटावरच्या जरीच्या टिकल्या दिव्यात आल्या की त्यांच्या कडेला जांभळी रेघ उमटते, आणि मागच्या टिकल्यांना हिरवट. २.८ पर्यंत बंद केली की तीच लेन्स अतिशय सुरेख. पण २.८ वरच वापरायची तर १.४ चे पैसे कशाला? उलट निकॉनची झेड माउंटची (तिच्या मिररलेससाठीची) ५० मिमी १.८ पूर्ण उघडूनही कडेपर्यंत धारदार आहे. वजन ४१५ ग्रॅम, म्हणजे कॅननच्या १६० ग्रॅमच्या ५० मिमी १.८ एसटीएमपुढे चांगलीच जड, तरी मी तिला पहिला मान देते. १.२ वाल्या लेन्स सुंदरच, पण कॅननची आरएफ (तिच्या मिररलेसची) ९५० ग्रॅमची आणि निकॉनची झेड किलोच्या वर. पहाटे चारला मनगट बोलू लागतं.

तर कॅननच्या डीएसएलआरला ५० मिमी १.८ एसटीएम, आरएफला तिचीच आरएफ बहीण, निकॉनच्या डीएसएलआरला १.८ जी, झेडला १.८ एस. हलकी हवी असेल तर झेडचीच ४० मिमीची, अ‍ॅपर्चर २ वाली. एकेका चेहऱ्याची पोर्ट्रेट हाच तुमचा धंदा असेल आणि मागचं सगळं विरघळलेलं हवंच असेल, तरच १.४ किंवा १.२ कडे जा.

सेकंड-हँड घेणार असाल तर अ‍ॅपर्चर उघडं ठेवून मोबाइलची बॅटरी लेन्समधून आरपार मारा, समोरून आणि मागून दोन्हीकडून. कोकणातल्या पावसाळ्यातून गेलेल्या लेन्सच्या काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही पडली तरी ती लेन्स आपल्या बॅगेत इतर लेन्सशेजारी ठेवू नका. कॅननची १.४ असेल तर फोकसची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. फोकस करताना तिचं तोंड बाहेर येतं, आणि त्यावर धक्का बसला की आतली यंत्रणा अडकते. रिंग मध्येच खरखरली तर परत द्या. नीट फिरली आणि घेतलीत, तर पुढे हूड (संरक्षक कडं) लावूनच वापरा.