गिझर बिघडला की होणाऱ्या चुका, आणि त्यातल्या जिवावर बेतणाऱ्या

दिवाळी सरली की विदर्भातल्या गावांत सकाळी अंगावर गार पाणी घेववत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये तर नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तांब्याचे बंब बऱ्याच घरांतून माळ्यावर गेले आणि न्हाणीत पंधरा-पंचवीस लिटरचा गिझर आला. तो बिघडला की गावात कंपनीचा माणूस लवकर येत नाही, म्हणून मोटर भरणारा किंवा वायरमन जमेल तसा चालू करून देतो. त्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘डायरेक्ट करून दिलं’, म्हणजे मधला भाग वगळून सरळ जोडून दिलं. या शब्दाची मला खरंच भीती वाटते. गिझरमध्ये जे भाग ‘डायरेक्ट’ केले जातात, ते नेमके माणसाला वाचवण्यासाठी बसवलेले असतात.

गळणारा व्हॉल्व्ह बंद करू नका

गार पाण्याच्या नळीवर, गिझरच्या तोंडाशी, छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापत असताना त्यातून थेंब थेंब गळतं. घरच्यांना वाटतं व्हॉल्व्ह खराब झाला, आणि मग कोणी त्याच्या तोंडाला एम-सील लावतं, कोणी खुंटी ठोकतं, कोणी तो काढून साधा जोड बसवतं. हे अजिबात करू नका. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की जवळपास पाव लिटरने फुगतं, आणि त्या फुगलेल्या पाण्याला मागे जायला वाट नसली तर ते या व्हॉल्व्हमधूनच बाहेर येतं. वाट बुजवली आणि त्याच वेळी थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक तापलं की वीज बंद करणारा भाग, चिकटून बसला, तर आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर जातं आणि टाकी फुटते. न्हाणीघराची भिंत पडेल इतका जोर त्यात असतो.

तापताना थेंब पडणं ठीक आहे. गिझर बंद असताना, पाणी गार असतानाही धार चालू राहिली, तर व्हॉल्व्हच्या आत क्षार किंवा कचरा अडकलाय, किंवा पाण्याचा दाब जास्त आहे. दाब ठीक असेल तर तेवढा व्हॉल्व्ह बदला. गळणाऱ्या पाण्यासाठी बारीक नळी लावून ती मोरीत सोडा, म्हणजे भिंतही ओली होणार नाही.

कटआउटचंही तसंच. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की तो वीज तोडतो. काही गिझरमध्ये तो परत चालू करायला लहान बटण असतं. एकदा दाबून गिझर नीट चालला तर बरं. पुन्हा तुटला तर थर्मोस्टॅट तपासायला हवा. मध्ये वायरचा तुकडा टाकून कटआउट वगळायचा नाही, मग घरात पाहुणे असोत की लग्न.

नळाला झिणझिण्या आल्या तर

एकदा जरी शॉक लागला तरी गिझर बंद करा, प्लग काढा, आणि कारण सापडेपर्यंत त्याच्या पाण्याने कोणालाही अंघोळ करू देऊ नका. बहुतेक वेळा पाणी तापवणाऱ्या कॉइलचं वरचं आवरण तडकलेलं असतं आणि घराचं अर्थिंग नावापुरतं असतं. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देण्याची पद्धत गावोगाव दिसते. वरून सगळं ठीक चालतं. पण वादळात न्यूट्रलची तार तुटली, किंवा खांबावर जोडणी उलटसुलट झाली, की गिझरच्या अंगावर २३० व्होल्ट येतात.

आपल्या काळ्या जमिनीचा एक स्वभाव आहे: उन्हाळ्यात ती भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकत राहा आणि वर्षातून एकदा क्लँपचा गंज पाहा. त्याशिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, शॉक लागताना तो पडेलच असं नाही. जाणारी आणि परत येणारी वीज यात फरक पडला की आरसीसीबी क्षणात तोडतो. गिझर असलेल्या घरात हा खर्च टाळू नये.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणं, किंवा फ्यूजला जाड तार लावणं, हीसुद्धा चूकच. २००० वॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. टीव्हीच्या बोर्डावर तो चालवायचा नसतो.

पाणी कोमटच येतं

इथे गिझरला दोष देण्याआधी मीटर लावून व्होल्टेज पाहा. गहू-हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आणि गिझरचे दिवस एकच. जिथे पंप आणि घरं एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आहेत, तिथे व्होल्टेज १८० वर आलं तर २००० वॉटची कॉइल सव्वाबाराशे वॉटच देते. २३० व्होल्टवर १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर यायला २१ मिनिटं लागतात. १८० वर ३४. थर्मोस्टॅट बदलून यात काही फरक पडत नाही. व्होल्टेज चांगलं असेल तेव्हा पाणी तापवून ठेवा, चांगल्या टाकीत ते काही तास गरम राहतं.

व्होल्टेज ठीक असूनही वेळ लागत असेल आणि आतून खदखद आवाज येत असेल, तर कॉइलवर क्षारांचा थर बसलाय. बोअरचं जड पाणी तापलं की त्यातला चुना कॉइलवर धरतो, उष्णता पाण्यात जात नाही आणि कॉइल आतल्या आत जळते. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात दुसराही त्रास आहे: खारं पाणी टाकीलाच खातं. टाकी वाचावी म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी असते, ती आधी झिजते. खारपाणपट्ट्यात ती दरवर्षी उघडून पाहा, बारीक झाली असेल तर बदला.

थर्मोस्टॅट ५०-५५ अंशांवर ठेवला तर थर हळू धरतो. घरात नळयोजनेचं आणि बोअरचं असं दोन्ही पाणी असेल तर गिझरला नळयोजनेचं जोडा. कॉइल साफ करताना संडासचं ॲसिड वापरू नका, ते धातू खातं. वीज तोडून, कॉइल बाहेर काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवा. पाणी किती जड आहे ते जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासता येतं. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला २०० मिलिग्रॅम कठीणपणा चांगला धरतात. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. तुमचा आकडा ६०० च्या आसपास असेल तर कॉइल दर हिवाळ्याआधी साफ करावीच लागेल.

कॉइल बदलल्यावर किंवा टाकी धुतल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा, त्यातून पाण्याची सलग धार येऊ द्या, मगच बटण दाबा. कोरड्या टाकीत नवी कॉइलही लगेच जाते.

गॅस गिझर असेल तर तो बंद न्हाणीघरात कधीही लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस उभ्या उभ्या बेशुद्ध पडतो. गिझर बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत हवा.

आणि टाकीच गळायला लागली, पाणी तांबूस येऊ लागलं, तर वेल्डिंगच्या नादी लागू नका. वेल्डिंगच्या आचेने आतलं काचेसारखं अस्तर तडकतं आणि टाकी शेजारच्या जागी पुन्हा गळते. तेवढे पैसे नव्या गिझरमध्ये घाला आणि घेताना जड पाण्यासाठीची टाकी व कॉइल मागून घ्या.