'थई जशे'वर प्रोजेक्ट चालत नाही

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, मी बरीच वर्षं इलेक्ट्रिकल पॅनेलचे प्रोजेक्ट सांभाळतोय. 'आधी गँट चार्ट (कुठलं काम कधी, त्याचा तक्ता) काढा' हा सल्ला ऐकला की डोकं फिरतं. चार्ट कुणीही काढेल. त्यातली माणसं तुमची आहेत का?

पहिली पायरी: कोण कुणाच्या हाताखाली, हे दाखवणारा भिंतीवरचा तक्ता विसरा. तुमच्या माणसांची रजा आणि इन्क्रीमेंट कुणाच्या सहीनं होतं, ते विचारा. सही डिपार्टमेंट हेडची आणि तुम्ही नुसते पाठपुराव्याला, तर रचना फंक्शनल. तिथे अडलं की सरळ सगळ्यांच्या वरच्या साहेबांकडे जा. सही तुमचीच असेल, तर प्रोजेक्टाइज्ड. मजा करा, फक्त काम संपल्यावर माणसं कुठे जाणार ते आधी ठरवा.

सही हेडची, पण काम तुम्ही नेमून देणार, म्हणजे मॅट्रिक्स: एका माणसाला दोन साहेब. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या विमान-अंतराळ उद्योगात ही पद्धत रुजली, कारण सरकारला प्रत्येक कंत्राटामागे जाब विचारायला एक माणूस हवा होता. आपल्याकडे मात्र एक डिझायनर, चार ऑर्डरी आणि जाब विचारायला तुम्ही.

म्हणून दुसरी पायरी: हेडकडून माणसाचे दिवस पक्के करून घ्या. मी इथेच तोंडावर आपटलो होतो. आधीच्या एका कंपनीत डिझाइनच्या हेडना म्हटलं, 'जानेवारीत मुलगा लागेल.' ते गुजरातीत म्हणाले, 'थई जशे', म्हणजे होऊन जाईल. मी निर्धास्त. ऐन वेळी मुलगा त्यांच्या लाडक्या ऑर्डरवर गेला. मग १४-१५ला उत्तरायण, अख्खं बडोदं पतंग उडवायला गच्चीवर. ड्रॉइंग लांबलं, म्हणून तांब्याच्या बसबारची (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्ट्यांची) खरेदी लांबली. मी त्या पोरावर ओरडलो, ती माझी चूक. त्याचं इन्क्रीमेंट माझ्या हातात नव्हतं, तो माझं का ऐकेल?

तेव्हापासून हेडकडे महिना मागत नाही, दिवस मागतो: '५ ते ९, पाच पूर्ण दिवस, हाच माणूस.' 'पन्नास टक्के देतो' म्हणाले तर घेऊ नका. अर्धा माणूस कुणाचाच नसतो, आणि तो अर्धा दिवस नेमका जेवणानंतरचा निघतो. त्याच बैठकीत विचारून घ्या: माणूस काढून घ्यायचा झाला, तर मला किती दिवस आधी सांगाल?

ठरलेलं त्याच संध्याकाळी मेल करा, आणि वरच्या साहेबांना पहिल्याच मेलमध्ये कॉपीत घ्या. तेव्हा ती माहिती असते. भांडण झाल्यावर घेतलंत तर चुगली होते आणि हेड वर्षभर लक्षात ठेवतात.

त्या माणसाच्या अप्रेझलमध्ये हेड तुमच्या दोन ओळी घेतील का, हेही विचारा. नाही म्हणाले तर तुमचा शब्द तिथे हलका आहे. मग ग्राहकाला तारीख देताना आठवडाभर जास्तीचा धरा.

पुढचं सोपं. दर सोमवारी हेडच्या टेबलापाशी जाऊन येत्या पंधरवड्याचे दिवस पुन्हा पक्के करा. फोनवर नको, फोनवर परत 'थई जशे'च ऐकू येतं.