धमनीचे प्रसरण आणि शरीरातील चरबी एकाच सकाळी कशी मोजावी

बारा आठवडे नियमित चालणाऱ्या माणसाचे वजन कधीकधी जराही बदलत नाही, तरीही या काळात त्याच्या धमन्या अधिक सहजपणे रुंदावू लागलेल्या असू शकतात आणि चरबी घटून स्नायू वाढलेले असू शकतात. हा बदल पकडायचा तर दोन्ही मोजमापे व्यायामाच्या आधी आणि नंतर अगदी सारख्याच परिस्थितीत घ्यावी लागतात.

तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. सहभागी व्यक्तीने 24 तास व्यायाम करू नये आणि किमान सहा तास उपाशी राहावे. आपल्याकडे ‘उपाशी या’ म्हटले की चहा घेऊन येणारे अनेक असतात, म्हणून चहाही चालणार नाही हे स्पष्ट सांगावे. तंबाखूबद्दल विचारताना मशेरीचाही नाव घेऊन उल्लेख करावा, कारण ती लावणाऱ्याला आपण तंबाखू घेतली असे वाटतच नाही.

सकाळी प्रथम लघवीला जाऊन येण्यास सांगावे, मग हलक्या कपड्यांत वजन व उंची घ्यावी आणि त्यानंतर डेक्सा स्कॅन करावा. दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांच्या साहाय्याने हे यंत्र हाडांतील खनिज, चरबी आणि उरलेले मऊ ऊतक वेगळे काढते. किरणांची मात्रा अल्प असली, तरी गरोदर स्त्रीचा स्कॅन करू नये. डेक्सा उपलब्ध नसेल तर शरीरातून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडणारे यंत्र वापरता येते. मात्र ते चरबीचा अंदाज शरीरातील पाण्यावरून बांधते, त्यामुळे घाम गाळून आलेल्या माणसाचा आकडा विश्वासार्ह नसतो. केवळ बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन दाखवणाऱ्या आकड्यावर, थांबणे तर भारतीयांच्या बाबतीत विशेष चुकीचे ठरते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले: दोघांचा बीएमआय 22.3 होता, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, तर युडकिन यांची 9.1 टक्के होती.

आता धमनीकडे वळू. रक्ताचा प्रवाह वाढला की धमनीचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि धमनी रुंदावते. याच गुणावर आधारलेली सोनोग्राफीची पद्धत डेव्हिड सेलरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडली. शांत, एकसारखे तापमान असलेल्या खोलीत व्यक्तीला किमान दहा मिनिटे उताणे झोपवावे. कफ (रक्तदाब मोजताना बांधतात तसा हवेचा पट्टा) कोपराच्या खाली बांधावा आणि प्रोब, म्हणजे सोनोग्राफी यंत्राचा हातात धरायचा भाग, कोपराच्या वर, दंडातील धमनीवर तिच्या लांबीच्या दिशेने धरावा. कफ दंडावर बांधल्यास धमनी अधिक रुंदावते खरी, पण ते प्रसरण मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडमुळेच झाले असे म्हणता येत नाही. रक्ताचा वेग मोजणाऱ्या डॉप्लर लहरींचा रक्तप्रवाहाशी होणारा कोन 60 अंशांपेक्षा जास्त होऊ देऊ नये. एक मिनिट मूळ व्यास नोंदवून कफमधील दाब वरच्या रक्तदाबापेक्षा निदान 50 मिमी पाऱ्याने जास्त ठेवावा आणि पाच मिनिटांनी तो एकदम सोडावा. हाताला मुंग्या येतील हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर हात हलतो आणि चित्र हातचे जाते.

दाब सोडल्यावर निदान तीन मिनिटे चित्रण चालू ठेवावे. सर्वांची धमनी बरोबर साठाव्या सेकंदालाच सर्वाधिक रुंद होते असे धरून चालल्यास, ज्यांना जास्त वेळ लागतो त्यांचा आकडा नाहक कमी येतो. समजा व्यास 4.00 मिमीवरून 4.24 मिमी झाला, तर प्रसरण 6 टक्के. ही वाढ पाव मिलिमीटरसुद्धा नाही. व्यास वाचताना 0.04 मिमीची चूक झाली तरी उत्तर 5 किंवा 7 टक्के येते, आणि व्यायामाचा परिणामही अनेकदा एवढाच असतो. म्हणूनच धमनीची कडा डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा ती आपोआप ओळखणारे सॉफ्टवेअर वापरावे आणि प्रोब कोपरापासून किती सेंटिमीटरवर होता, हे नोंदवहीत लिहून ठेवावे.

दमछाक करणारी व्यायाम-चाचणी त्याच दिवशी घ्यायची असल्यास ती सर्वांत शेवटी घ्यावी. पुढच्या खेपेला तीच वेळ, तेच यंत्र आणि शक्यतो तोच तंत्रज्ञ असावा. मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांना पाळीच्या त्याच टप्प्यात बोलवावे. चित्रण वाचणाऱ्याकडे फाइल सांकेतिक क्रमांकानेच द्यावी, म्हणजे ते व्यायामाच्या आधीचे की नंतरचे हे त्याला कळणार नाही.