जुनं दुखणं, नॉर्मल रिपोर्ट: निदान शोधताना या चुका टाळा

सहा-आठ महिने अंगात कसर असते, वजन उतरतं, सांधे आखडतात, पोट धड नसतं. रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, एक्स-रे झाला आणि सगळं नॉर्मल आलं. घरचे म्हणतात टेन्शन घेऊ नकोस, शेजारच्या काकू एका वैद्यांचा नंबर देतात, फाइल जाड होत जाते आणि आजाराला नाव काही मिळत नाही.

अशा फायली उलगडून बघितल्या की तपासण्यांचा तुटवडा क्वचितच दिसतो. दिसतं ते असं, की आजाराच्या खुणा तपासणीआधीच पुसल्या गेल्या आहेत, नाहीतर त्या चार डॉक्टरांकडे चार तुकड्यांत पडून आहेत. यातलं बरंचसं रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हातात असतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

तपासणीआधीच औषध सुरू करणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

थकवा आणि हातापायांना मुंग्या म्हटलं की बी-१२ आठवतं. शाकाहारी घरांत त्याची कमतरता खरोखरच खूप आढळते. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांतही ते कमी होतं. मग मेडिकलमधून गोळ्या येतात किंवा कुणी इंजेक्शनांचा कोर्स देतं, आणि पातळी तपासली जाते महिन्याभराने. आकडा वर गेलेला असतो, मुंग्या मात्र तशाच. आता त्या बी-१२ मुळेच होत्या आणि मज्जातंतू सावरायला वेळ लागतोय, की मूळ कारण वेगळंच आहे, हे ठरवायला काहीच आधार उरत नाही. आधी रक्त द्यायचं, मग त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायला हरकत नाही.

केस गळतात म्हणून घेतलेलं बायोटिन तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. अनेक लॅबमधल्या यंत्रांची तपासणीची पद्धत अशी असते की रक्तात बायोटिन जास्त असलं तर थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं. थायरॉइड धडधाकट असताना ते वाढल्याचा रिपोर्ट येतो. हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही यामुळे फसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा, आणि डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. केसांच्या आणि नखांच्या गोळ्यांच्या पाकिटावरचा घटकांचा तक्ता एकदा वाचून बघा.

गहू बंद करून बघितल्यावर पोट सुधारलं, असं सांगणारे आता पुष्कळ भेटतात. सीलिॲक आजाराची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं खराब होण्याची शंका असेल तर रक्ततपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेणं, हे दोन्ही पोळी खात असतानाच व्हायला हवं. चार-सहा महिने गहू सोडला की अँटिबॉडी उतरतात, आतडं भरून यायला लागतं आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खाऊन त्रास काढावा लागतो.

तापाचं त्याहून गंभीर आहे. १०१ फॅरनहाइटच्या वरचा ताप तीन आठवड्यांहून जास्त अधूनमधून येतच राहिला, तर वैद्यकशास्त्रात त्याचा वेगळा विचार होतो, आणि आपल्याकडे त्या यादीत टीबी फार वर असतो. पण तोवर रुग्णाच्या पोटात दोन-तीन अँटिबायोटिक गेलेली असतात. त्यात लिव्होफ्लोक्सासिन असलं तर ते टीबीच्या जंतूंनाही अर्धवट मारतं. चार दिवस बरं वाटतं, थुंकीत जंतू सापडत नाहीत, आणि निदान महिना-दोन महिने लांबतं. रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, पहिल्या गोळीच्या आधी घेतलेलं बरं. आणि एकदाच केलेल्या विडाल तपासणीवरून 'टायफॉइड निघाला' हे पक्कं धरून चालू नका. आधी होऊन गेलेल्या संसर्गामुळे किंवा लसीमुळेही ती पॉझिटिव्ह येते.

स्टिरॉइडचंही तसंच. मानेतली गाठ, न जाणारा ताप, सुजलेले सांधे, सगळ्याला त्याने झपाट्याने आराम पडतो. लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची गाठ आकसते आणि नंतर घेतलेल्या बायॉप्सीत काही कळत नाही. टीबी असेल तर तो आतल्या आत पसरतो. सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. काही भस्मांत शिसं सापडलं आहे, आणि शिशाने पोटात कळा येतात, रक्त कमी होतं. तेव्हा पुडी असो, काढा असो की जिमची पावडर, पाकिटासकट डॉक्टरांसमोर ठेवा. ओरडा बसला तर बसू द्या. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड मात्र तपासणीसाठी म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. डॉक्टर तातडीचे उपचार करत असतील तर तपासणीसाठी तेही अडवू नका.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. गाठ काढायचं ठरलं की आदल्या दिवशी सर्जनना विचारा, 'तुकडा टीबीच्या तपासणीलाही पाठवणार ना?' काढलेली गाठ सवयीने फॉर्मॅलिनच्या बाटलीत जाते. पेशी बघायला ते ठीक, पण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर होऊ शकत नाही. टीबी निघालाच तर कोणतं औषध लागू पडेल हे कळायचा चांगला मार्ग बंद होतो. दुसरा तुकडा साध्या सलाइनमध्ये वेगळा ठेवून सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरला पाठवायचा असतो. बऱ्याचदा ती दुसरी बाटली नातेवाइकांनाच लॅबमध्ये पोचवावी लागते, म्हणून आधी माहीत असलेलं बरं.

गोष्ट तुकड्यांत सांगणं

ओपीडीत आपल्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. त्यात 'काय होतंय?' असं विचारल्यावर आपण आज सर्वांत जास्त दुखतंय ते सांगतो आणि मागचं राहून जातं. उपाय एकच, एका पानावर सगळं तारीखवार लिहून न्यायचं. नमुन्यादाखल एका तरुणाचं पान असं असेल:

२०१९, वय २४. टाच दुखायची, सकाळी पहिली पावलं टाकवत नव्हती. हाडांच्या डॉक्टरांनी चपलेत घालायला पॅड दिलं.
२०२१. डावा डोळा लाल, उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, तीन आठवड्यांत बरा.
२०२२ पासून कंबर. पहाटे चारला दुखून जाग येते. उठून चाललं की मोकळं वाटतं. सुट्टीच्या दिवशी झोपून राहिलं की जास्त दुखतं. पेनकिलरने दिवस चांगला जातो.
काकांची कंबर अशीच, त्यांची मान वळत नाही.

टाच एकाकडे, डोळा दुसऱ्याकडे, कंबर तिसऱ्याकडे गेली, म्हणून तिघांनाही काही वावगं वाटलं नाही. हे पान संधिवाततज्ज्ञांनी वाचलं तर मिनिटभरात त्यांच्या मनात अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा संधिवात येईल. या आजारात साधा एक्स-रे पहिली काही वर्षं नॉर्मल असू शकतो. कण्याचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या सांध्याचा एमआरआय काढला तर सूज दिसू शकते. पण तो कुणाला सुचणार? ज्याला पूर्ण गोष्ट कळली त्यालाच.

पान लिहिताना 'खूप त्रास होतो' असं लिहून उपयोग नाही. काय करता येईनासं झालं ते लिहा: दोन मजले चढवत नाहीत, पीठ मळता येत नाही, डबा उघडत नाही. तापाची नोंद ठेवताना वेळ आणि त्याआधी पॅरासिटामॉल कधी घेतली होती, हे दोन्ही हवं. पुरळ किंवा सूज येऊन जात असेल तर आली की लगेच फोटो काढा. आपण नेटवर शोधलेलं नाव पानाच्या शेवटी लिहा, सुरुवातीला नको. ते आधी कानावर पडलं की पुढची सगळी चर्चा त्याच्याचभोवती फिरते.

'नॉर्मल'वर थांबणं, नाहीतर प्रत्येक लाल आकड्यामागे धावणं

बाईचं हिमोग्लोबिन १२.५, म्हणून लोह ठीक, असं धरलं जातं. शरीर आधी साठ्यातलं लोह वापरतं. हिमोग्लोबिन उतरतं ते साठा संपल्यावर. साठा कळतो फेरिटिनवरून. अनेक लॅब खालची मर्यादा १०-१५ च्या आसपास छापतात, त्यामुळे १८ आलं तरी रिपोर्टवर खूण होत नाही. पण ३० च्या खाली असेल तर डॉक्टर लोह कमी असल्याचं समजतात. उलट अंगात सूज किंवा संसर्ग असला की फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. म्हणून आकडा रुग्णाबरोबरच वाचावा लागतो.

पाळीच्या दुखण्याबाबत तर मला मनापासून राग येतो. दर महिन्याला कॉलेज किंवा ऑफिस बुडतं, शौचाला आणि संबंधांच्या वेळी दुखतं, आणि मुलीला सांगितलं जातं की बाईला एवढं चालायचंच, लग्न झालं की थांबेल. एंडोमेट्रिऑसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो त्या आजारात, साधी सोनोग्राफी स्वच्छ येऊ शकते, आणि नाव मिळेपर्यंत कित्येक वर्षं जातात. सोनोग्राफी नॉर्मल असेल तर हा आजार नाही, असं कुणी म्हणालं तर थेट विचारा: 'या तपासणीत न दिसणारा एंडोमेट्रिऑसिस असू शकतो का?'

दुसऱ्या टोकाला आहेत फुल बॉडी चेकअपची पॅकेजं. लॅबची मर्यादा बहुतेकदा निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्यात बसतील अशी आखलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या घरात येते. शरीर स्वतःवरच उलटलंय का याचा अंदाज घेणारी एएनए ही तपासणी १:८० या पातळीला आठांतल्या साधारण एका निरोगी माणसात पॉझिटिव्ह येते. तेवढ्यावरून ल्यूपस (असाच एक आजार) झाला म्हणून महिनाभर झोप उडवून घेतलेली माणसं असतात. लक्षणं काय आहेत ते ठरल्यावर तपासणी निवडायची, हा क्रम सोडू नका.

दर महिन्याला डॉक्टर बदलणं

गुण आला नाही की आपण डॉक्टर बदलतो. आधीची फाइलही मुद्दाम दाखवत नाही. 'बघू, हे स्वतः काय सांगतात!' त्यामुळे प्रत्येक जण पहिल्या पायरीपासून सुरू करतो आणि त्याच तपासण्या पुन्हा होतात. एमडी मेडिसिनचा एक डॉक्टर मुख्य ठेवा, बाकीच्या तज्ज्ञांचं मत फिरून त्यांच्याकडे आणा. निघताना विचारा: आणखी कशाची शंका आहे, किती दिवसांत फरक पडायला हवा, आणि नाही पडला तर पुढे काय?

दुसरं मत जरूर घ्या, पण सगळं बरोबर नेऊन. एमआरआयची सीडी न्या. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. बायॉप्सीच्या स्लाइड आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक लॅबकडून मागून घेता येतात, ते दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांत द्यायची असतात. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या.

'मनाचं आहे' या उत्तराला घाबरणं

हे उत्तर अंगावर येतं, कारण ते बऱ्याचदा घाईत दिलेलं असतं. 'कशावरून?' असं शांतपणे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पण मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं टाळूही नका. वर्षभर दुखणं काढलेल्या माणसाला नैराश्य येणं साहजिक आहे, आणि त्यावर उपचार घेतल्याने शरीराचा शोध थांबत नाही.

थोडं जास्त काम झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळायला होत असेल, झोपूनही ताजंतवानं वाटत नसेल आणि असं सहा महिने चाललं असेल, तर मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिसचा, म्हणजे क्रॉनिक फटिग सिंड्रोमचा विचार व्हायला हवा. त्याची रक्ततपासणी नाही. इतर आजार वगळून, रुग्णाच्या सांगण्यावरूनच निदान होतं. अशा माणसाला 'रोज व्यायाम वाढव' म्हणून रेटलं तर तो आणखी ढासळतो.

केव्हा थांबायचं नाही

प्रयत्न न करता सहा-बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, रात्री कपडे बदलावे लागतील एवढा घाम येतो, शौचातून रक्त जातं, गिळताना अडकतं, पायातली ताकद कमी होते आहे, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नव्या प्रकारची डोकेदुखी सुरू झाली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

हे सगळं करूनही काहींना नाव मिळत नाही, विशेषतः लहानपणापासून त्रास असलेल्यांना किंवा घरात दोघांना तेच असलं तर. तेव्हा जनुकीय सल्ला घ्यावा. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली नेमलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम आहे. एक्सोम तपासणी, म्हणजे जनुकांच्या कामाच्या भागांचं वाचन, केलीत तर रिपोर्टबरोबर कच्चा डेटाही मागून ठेवा. आज ज्या बदलाचा अर्थ लागत नाही तो एक-दोन वर्षांनी लागू शकतो, आणि तोच डेटा पुन्हा वाचायला नवं रक्त द्यावं लागत नाही.