हुरड्याच्या आगटीवर लू व्हिटेकरची बाजू कशी मांडावी

अमेरिकी बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनात, कोण जाणार याचा पत्रकारांच्या मतदानाचा निकाल जानेवारीत लागतो, म्हणजे ऐन हुरड्यात. पूर्णा तालुक्यात दाजींच्या शेतात आगटीभोवती आमचा वाद ठरलेला: कोण राहून गेलं? माझं नाव कायम एकच, डेट्रॉइट टायगर्स संघाचा लू व्हिटेकर. मी शाळेत पीटी शिकवली, पोरांना सॉफ्टबॉल लावला. दाजी शेतकरी, पण मोबाइलवर आकडे माझ्याआधी काढतात. त्यांच्याकडून हरून जे शिकलो ते सांगतो.

आधी माणूस बाहेर कसा पडला ते बघा. आत जायला पत्रकारांची 75 टक्के मतं लागतात, 5 टक्क्यांच्या खाली गेलं की यादीतून नाव कटतं. व्हिटेकरला 2001 साली 2.9 टक्के पडली. पत्रकारांकडचा विषय पहिल्याच वर्षी संपला. त्यामुळं "इतकी वर्षं नाकारलं, काहीतरी कमी असेलच" असं कुणी म्हटलं की तिथंच धरायचं.

मग त्याचा जोडीदार काढा. सेकंड बेसला व्हिटेकर, त्याच्या शेजारच्या शॉर्टस्टॉपच्या जागेवर ॲलन ट्रॅमेल. दोघं 9 सप्टेंबर 1977 ला एकाच सामन्यात पहिल्यांदा उतरले, 1984 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथलं अजिंक्यपद, सोबत जिंकले. हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठलेले फटके, ट्रॅमेलचे 2365, व्हिटेकरचे 2369. होमरन 185 आणि 244. ट्रॅमेल 2018 साली कूपर्सटाउनच्या, म्हणजे हॉल ऑफ फेमच्या, भिंतीवर लागला. एवढं बोलून गप हुरडा चोळत बसायचं. पुढं "तो गेला म्हणून हाबी" म्हणालात की मेलात. दाजींनी मला विचारलं होतं, "मग सरपंचाच्या भावालाबी सरपंच करावं का?"

खरी तुलना त्याच जागेवरच्या खेळाडूशी. इथं माझी फजिती झाली. रायन सँडबर्गही सेकंड बेसचाच, 2005 पासून आत आहे, आणि पहिल्या वर्षी मी त्याचं नावच दडवलं. दाजींनी मोबाइल पुढं धरला: होमरन 282, गोल्ड ग्लव्ह (उत्तम फिल्डिंगचं बक्षीस) 9, वर 1984 चा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू. व्हिटेकरचे गोल्ड ग्लव्ह 3, एमव्हीपी एकदाही नाही. "काहून लपवायलाव, मास्तर?" आता ते आकडे मीच आधी सांगतो. विरोधकाचं हत्यार आपणच काढून ठेवलं की त्याची धार जाते.

त्यानंतर वॉक काढायचा. पिचरचे चार बॉल बाहेर गेले अन् बॅट फिरवली नाही, तर पहिला बेस फुकट. व्हिटेकरचे वॉक 1197, सँडबर्गचे 761. बेसवर पोचण्याचं प्रमाण 36.3 टक्के विरुद्ध 34.4. माझ्याकडं आठवीचा एक बारका पोरगा होता, बॅट खांद्यावरून हलवायचाच नाही. बाकीचे ओरडायचे, "अरे मार की!" चौथा बॉल पडला की हा बॅट अलगद खाली ठेवून चालत बेसवर. टाळी कुणी वाजवायचं नाही, पण पुढच्यानं मारला की हा रन घेऊन घरी. व्हिटेकरचं नाव निघालं की मला हा पोरगाच दिसतो.

कीव मात्र मध्ये आणू नका. पत्रकारांकडून राहिलेल्या जुन्या खेळाडूंचा विचार पुढं एक समिती करते. तिथं डिक ॲलन नावाचा खेळाडू 2014 मध्ये एका मतानं हुकला, 2020 मध्ये वारला, 2021 मध्ये परत एका मतानं हुकला, अन् डिसेंबर 2024 मध्ये निवडला गेला. चीड येते, मान्य. पण ती समितीवरची चीड झाली, व्हिटेकरच्या बाजूनं त्यातनं काहीच निघत नाही.

शेवटी मतदान घ्या, नाहीतर सगळेच लायक ठरतात. जुन्या खेळाडूंच्या समितीत 16 जण असतात, यादीत 8 नावं, एका सदस्याला जास्तीत जास्त 3 मतं देता येतात, निवडीला 12 लागतात. आम्ही मातीत काडीनं आठ नावं लिहितो. व्हिटेकरशेजारी असेच राहून गेलेले केनी लॉफ्टन, ड्वाइट इव्हान्स, अन् 288 सामने जिंकलेला पिचर टॉमी जॉन. प्रत्येकाला तीन बोरं द्यायची, ज्याला मत त्याच्या नावावर ठेवायची. मागच्या खेपेला दाजींनी दोन बोरं ठेवली, तिसरं व्हिटेकरपाशी नेलं, माझ्याकडं बघितलं, आणि खाऊन टाकलं.