हायपो जंतू मारतो का? एका शिफ्टमध्ये कळतं

आमच्या डेअरीत क्रेट आणि कॅन धुऊन झाल्यावर २०० पीपीएम क्लोरीनच्या पाण्यातून काढतात. ४ टक्क्यांचा हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), लिटरला ५ मिली, झालं. पण ड्रम पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर तापला की ते ४ टक्के फक्त लेबलवर उरतात. प्लेटवर जंतू वाढवून, मोजून खात्री करायची तर उत्तर दोन दिवसांनी मिळणार, तोवर दूध गिऱ्हाइकाच्या चहात. म्हणून मी रिझाझुरिन हा निळा रंग वापरते. एमबीआरटी (दुधाची मिथिलीन ब्लू चाचणी) करणाऱ्यांना हे नवं नाही. तिथे मिथिलीन ब्लूचा रंग उडतो, इथे जिवंत जंतू निळ्याचा गुलाबी करतात.

ई. कोलाय जंतू, एटीसीसी ८७३९ (चाचणीसाठी ठरलेला वाण), आदल्या संध्याकाळी न्यूट्रियंट ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायचं पातळ खाद्य) ३७ अंशांवर ठेवा. सकाळी सेंट्रिफ्यूज करा, ब्रॉथ ओतून द्या आणि जंतू सलाइनने दोनदा धुवा. हा कंटाळा केलात तर क्लोरीन जंतूंपर्यंत पोचायच्या आधी ब्रॉथवरच संपतं. सस्पेन्शन मिलीला साधारण दहा कोटींचं हवं.

नळीत ८ मिली हायपो (२५० पीपीएमचा, कारण पुढे पातळ होऊन २०० होतो), १ मिली निर्जंतुक पाणी, १ मिली जंतू. स्टॉपवॉच ५ मिनिटांवर. दुसऱ्या नळीत पाण्याऐवजी १० टक्के स्किम मिल्क. तिसऱ्या नळीत हायपोच नाही, ती कंट्रोल, म्हणजे तुलनेची नळी.

पाच मिनिटं झाली की प्रत्येक नळीतलं १ मिली थेट ९ मिली थायोसल्फेटमध्ये (०.५ टक्के). सगळी परीक्षा इथेच आहे. मी पहिल्यांदा ही पायरी गाळली होती. रिझल्ट इतका सुंदर आला की मी साहेबांना दाखवायला धावले. खरं म्हणजे क्लोरीन मागे उरलं होतं, ते प्लेटमध्येही जंतू मारत बसलं, आणि रंगाचंही त्याने वाटोळं केलं. गंमत अशी की माझ्या वडिलांच्या फोटो स्टुडिओत ‘हायपो’ म्हणजे हेच थायोसल्फेट. एक हायपो दुसऱ्याला मारतो. बाटल्यांवर पूर्ण नाव लिहा, मी आता लिहिते.

थायोसल्फेट पुरेसं आहे का, हेही बघायचं: आधी हायपो त्यात मिसळा, मग कंट्रोलइतके जंतू टाका. हा नमुना कंट्रोलबरोबरच गुलाबी व्हायला हवा. क्वाट (क्वाटर्नरी अमोनियमचं जंतुनाशक) तपासत असाल तर थायोसल्फेट कामाचं नाही, तिथे लेसिथिन आणि ट्वीन ८० लागतं.

आता ९६ खड्ड्यांची प्लेट. प्रत्येक खड्ड्यात १०० मायक्रोलिटर नमुना, तेवढाच दुप्पट ताकदीचा ब्रॉथ, २० मायक्रोलिटर रिझाझुरिन (०.०२ टक्के). प्रत्येक नमुन्याचे आठ खड्डे भरा. शेजारी जंतूंशिवायची ब्लँक ओळ, ती शेवटपर्यंत निळीच राहिली पाहिजे. ३७ अंशांवर ठेवून दर अर्ध्या तासाने बघा.

कंट्रोल माझ्याकडे साधारण तीन तासांत गुलाबी होते. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दहापट व्हायला तासाभराहून थोडं जास्त. त्यामुळे रंग जितके तास उशिरा येईल, तितके लॉग मेले असं ढोबळ धरा (एक लॉग म्हणजे जंतू दहापट कमी). आपल्याला ५ लॉग हवेत: सकाळी नऊला लावलं तर सहापर्यंत खड्डे निळे किंवा जेमतेम एखाददुसरा गुलाबी.

दुधाची ओळ मात्र कंट्रोलच्या मागोमाग गुलाबी होते. २०० पीपीएमचं क्लोरीन दुधातली प्रथिनंच गिळून टाकतात. ज्या कॅनच्या कडेला साय राहिली, त्याला हायपो दाखवून काही होत नाही. ही प्लेट मी धुणाऱ्या मावशींना नेऊन दाखवली, तेव्हापासून ब्रश आधी फिरतो.

एक खोट आहे. अर्धमेले जंतू उशिरा वाढायला लागतात, आणि ही पद्धत त्यांना मेलेलेच धरते. म्हणून त्याच थायोसल्फेटच्या नळीतून रोज एक साधी प्लेटही ओता, ४८ तासांनी मोजा. बाकी सगळं १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्हमध्ये, मगच सिंकमध्ये.